मरीन टँकचा बायोफिल्टर: डबा घेण्याआधी नायट्रेटचा हिशेब

क्रॉफर्ड मार्केटच्या माशांच्या दुकानात "खाऱ्या पाण्यासाठी फिल्टर दाखवा" म्हटलं की काउंटरवर तीन-चार डबे येतात. एकावर आतल्या सिरॅमिक रिंगांचा पृष्ठभाग किती चौरस मीटर ते छापलेलं असतं, दुसऱ्यावर पंप तासाला किती लिटर फिरवतो ते, तिसऱ्यावर नुसतंच 'मरीन'. आकडे खोटे असतील असं नाही, पण त्यावरून निवड करता येत नाही. निवड करायची तर दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात: टँकमध्ये रोज किती खाद्य पडणार, आणि त्यातून तयार होणारं नायट्रेट शेवटी जाणार कुठे. दुसरा प्रश्न दुकानात सहसा कुणी विचारत नाही, आणि सहा महिन्यांनी टँक शेवाळाने भरतो तो त्यामुळेच.

मुळापासून बघू. मासा खाद्यातलं प्रथिन पचवतो आणि नको असलेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो, तोही बराचसा कल्ल्यांतून. विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. दोघांनाही भरपूर ऑक्सिजन लागतो, आणि दोघंही पाण्यात मोकळे फिरण्यापेक्षा कुठल्यातरी पृष्ठभागाला पातळ थर करून चिकटून राहतात. हा थर म्हणजेच बायोफिल्टर. डबा, रिंगा, स्पंज, दगड ही सगळी त्याची राहायची जागा.

हे जिवाणू नेमके कोण, याबद्दलची समजूत गेल्या वीसेक वर्षांत बरीच बदलली. जुन्या पुस्तकांत सगळं श्रेय नायट्रोसोमोनास नावाच्या जिवाणूला असायचं. 2005 मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटल अ‍ॅक्वेरियमच्या एका उष्णकटिबंधीय खाऱ्या टँकमधून शास्त्रज्ञांनी नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस नावाचा जीव वेगळा करून वाढवला. हा जिवाणूही नव्हे, आर्किया नावाच्या वेगळ्याच गटातला, आणि अमोनिया अगदी नगण्य असतानाही तो काम करतो. आपल्या दृष्टीने यातून एवढंच घ्यायचं की जुन्या, स्थिरावलेल्या टँकमधली वस्ती नव्या टँकपेक्षा वेगळी असते आणि ती दुकानात मिळणाऱ्या जिवाणूंच्या बाटलीतून एका दिवसात येत नाही.

गोड्या पाण्याचा अनुभव असलेले लोक इथे हमखास गाफील राहतात. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम हे रूप त्यातल्या त्यात सौम्य. मोकळा अमोनिया मात्र कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरतो. कोणतं रूप किती, हे मुख्यतः पीएच ठरवतो. पीएच 7 आणि तापमान 26 अंश असेल तर मोकळा अमोनिया एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. खाऱ्या टँकचा पीएच असतो 8.1 ते 8.4, आणि तिथे तोच वाटा सात-आठ टक्क्यांवर जातो. म्हणजे टेस्ट किटचा रंग तोच, आकडा तोच, पण धोका दहापटीहून जास्त. शिवाय त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन सुमारे एक पंचमांश कमी विरघळतो, त्यामुळे माशांना आणि जिवाणूंना मिळून कमीच पुरतो. नायट्राइटच्या बाबतीत मात्र नशीब आपल्या बाजूने: खाऱ्या पाण्यातलं मुबलक क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, म्हणून गोड्या पाण्यात मासे मारणारी नायट्राइटची पातळी इथे बहुतेक मासे सहन करतात.

आता हिशेब

समजा 200 लिटरचा टँक आहे, प्रवाळ नाहीत, फक्त मासे आहेत, आणि रोज 2 ग्रॅम कोरडं खाद्य पडतं. खाद्यात 45 टक्के प्रथिन धरलं तर ते झालं 0.9 ग्रॅम. प्रथिनाच्या वजनात नायट्रोजन साधारण 16 टक्के, म्हणजे 0.14 ग्रॅमच्या थोडा वर. त्यातला काही भाग माशाच्या अंगी लागतो, काही फिल्टरच्या कापसात अडकून बाहेर जातो, बाकी 0.1 ग्रॅम अमोनियाच्या वाटेने गेला असं धरू. 200 लिटरमध्ये हा रोजचा अर्धा पीपीएम (म्हणजे लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम) नायट्रोजन होतो. बायोफिल्टर नसेल तर दोन-तीन दिवसांत मासे तडफडायला लागतील.

बायोफिल्टर असेल तर? अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आणि 0.1 ग्रॅम नायट्रोजनाचं साधारण 0.44 ग्रॅम नायट्रेट. म्हणजे रोज 2.2 पीपीएमची भर, आठवड्याला 15. दर आठवड्याला 20 टक्के पाणी बदलणारा माणूस स्वतःला शिस्तीचा समजतो, आणि तो असतोही. पण दर आठवड्याला 15 ने वाढायचं आणि पाचवा हिस्सा काढायचा, असं चालू राहिलं तर आकडा चढत चढत 75 पीपीएमपाशी जाऊन थांबतो, कारण 75 चा पाचवा हिस्सा बरोबर 15. पाणी बदलून झाल्यावरही तो 60 असतो. फक्त मासे असलेल्या टँकमध्ये 20 ते 40 पर्यंत सहसा चालून जातं. प्रवाळ ठेवायचे असतील तर 10 च्या आत बरं.

हा हिशेब आपल्या टँकचे आकडे घालून एकदा कागदावर करून बघा. फिल्टर निवडताना लोक ज्यावर वाद घालतात तो भाग, म्हणजे अमोनियाचा बंदोबस्त, सगळ्यात सोपा असल्याचं त्यातून दिसेल. ऑक्सिजनचं पाणी फिरतंय असा जवळपास कुठलाही खडबडीत पृष्ठभाग ते काम करतो. डब्यावरच्या चौरस मीटरांचंही तेच. जिवाणूंच्या थरात ऑक्सिजन मिलिमीटरच्या दशांशांपुरताच आत जातो, आणि रिंगेची बारीक छिद्रं काही महिन्यांत गाळाने बुजतात. मग उरतो तो बाहेरचाच पृष्ठभाग. महागड्या मीडियाच्या, म्हणजे जिवाणूंना बसायला दिलेल्या अशा रिंगा-बॉलच्या, तिप्पट पैशांत तिप्पट फिल्टर मिळत नाही. माझ्या मते ते पैसे चांगल्या स्किमरमध्ये, म्हणजे फेसाने पाण्यातली घाण काढणाऱ्या उपकरणात, घालावेत.

कुठली पद्धत काय करते

जुनी पद्धत अंडरग्रॅव्हलची: खडीखाली जाळी आणि तिच्यातून वर पाणी ओढणारा पंप. अमोनिया ती उत्तम हाताळते. पण सगळी घाण खडीत ओढली जाते आणि तिथेच साठते, आणि वर दगड रचलेले असले की साफ करायला हातच पोचत नाही. मरीनसाठी आज कुणी नव्याने लावू नये.

1980 च्या दशकात ट्रिकल फिल्टर आले, ज्यांना 'वेट-ड्राय' म्हणतात. टँकमधून ओसंडणारं पाणी खालच्या संपमध्ये, म्हणजे टँकखालच्या दुसऱ्या टाकीत, प्लॅस्टिकच्या बायो बॉलवरून ठिबकत जातं. मीडिया पाण्यात बुडलेला नसून हवेत ओला राहतो, त्यामुळे ऑक्सिजनचा तुटवडा पडत नाही. लायनफिश, ट्रिगर असे मांसखाऊ, घाण करणारे मासे ठेवणाऱ्यासाठी ही अजूनही दमदार पद्धत आहे. बायो बॉलला 'नायट्रेटचा कारखाना' म्हणून बदनाम केलं गेलं, त्यात अर्धंच तथ्य. बॉल जादा नायट्रेट तयार करू शकत नाहीत. नायट्रेट होणार ते खाद्यातल्या नायट्रोजनाइतकंच. फरक असा की बॉलवर तयार झालेलं नायट्रेट तसंच राहतं, ते पुढे संपवणारं तिथे कुणी नसतं. आणि आधी फिल्टर वूल लावून कचरा गाळला नाही तर तो बॉलवर बसून कुजत राहतो. वूल दर तीन-चार दिवसांनी बदललं की निम्मी तक्रार मिटते. मागे बाष्पीभवनाचा प्रश्न उरतो: ठिबकणारं पाणी लवकर उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोज आरओचं गोडं पाणी भरावं लागतं. मे महिन्यात या बाष्पीभवनाने टँक दोनेक अंश थंडही राहतो, ते फुकटात.

तिसरी वाट दगडाची. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी 1961 मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकात आपली पद्धत मांडली होती: समुद्रातून आणलेले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि बाकी जवळपास काहीच नाही. पुढे त्याला प्रोटीन स्किमर आणि जोराचा प्रवाह जोडून जी पद्धत रुळली ती बर्लिन पद्धत म्हणून ओळखली जाते, आणि आजचे बहुतेक प्रवाळ टँक तिच्याच वंशातले. दगडाच्या पृष्ठभागावर अमोनियाचं नायट्रेट होतं. आतल्या सच्छिद्र भागात ऑक्सिजन संपलेला असतो, आणि तिथे दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून नायट्रोजन वायू मोकळा करतात. तो पाण्यातून हवेत जातो. वरच्या हिशेबातलं नायट्रेट खरोखर टँकबाहेर जाण्याची ही एक वाट. बारीक वाळूचा 10-15 सेंटिमीटरचा जाड थर हेच काम करतो, फक्त तो मध्येच उकरायचा नाही: खालच्या थरात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठलेला असू शकतो आणि तो एकदम सुटला तर मासे मरतात.

स्किमर हा बायोफिल्टर नव्हे, पण त्याच्यावाचून ही चर्चा अपुरी. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक होतात आणि फेस टिकतो. त्या फेसाला चिकटून विरघळलेले सेंद्रिय पदार्थ कपात जमा होतात, अमोनिया व्हायच्या आधीच. वर पाण्यात हवा मिसळते ती वेगळी. स्किमरचा कप दोन दिवसांनी उघडून वास घेतला की तो काय काढतोय ते वेगळं सांगावं लागत नाही.

कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेरच्या बंद डब्याचा फिल्टर, लहान टँकला चालतो, अट एकच: दर दोन आठवड्यांनी उघडून धुवायचा. न धुतलेला कॅनिस्टर म्हणजे बंद डब्यात कुजणारा कचरा, ज्याच्यातून चोवीस तास पाणी फिरतंय.

भारतात 'लाइव्ह रॉक' घेण्याआधी

परदेशी व्हिडिओ बघून सगळे लाइव्ह रॉक शोधायला निघतात. लाइव्ह रॉक हा मुळात जुन्या प्रवाळाचा सांगाडा. आपल्याकडे प्रवाळभित्ती बांधणारे सगळे कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मेलेला प्रवाळही त्यातून सुटत नाही. मालवणला स्नॉर्केलिंगला गेलात आणि वाळूत पांढरा सच्छिद्र दगड दिसला तर तो तिथेच राहू द्या. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं आहे. समुद्री घोड्यांनाही त्याच कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे दुकानात "स्वस्तात देतो" म्हणून कुणी दाखवला तर पुढे चालू लागायचं.

मग पर्याय काय? पोटात सच्छिद्र असलेले तयार सिरॅमिक दगड, खाणीतून निघालेला कोरडा अ‍ॅरागोनाइट दगड, किंवा सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा यांचे घरी ओतलेले दगड. सिमेंटचे असतील तर पाणी बदलत काही आठवडे भिजवायचे आणि पीएच खाली आल्याचं किटने बघूनच आत टाकायचे. कोकणातल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न असतो की जांभा चालेल का. सच्छिद्र आहे खरा, पण तो मऊ असतो, त्याचा लालसर भुगा सुटत राहतो आणि भोकांत माती असते. मी तरी टाकणार नाही. घाटावरचा काळा दगड निर्धोक असतो, पण घट्ट. त्याच्या आत पाणीच शिरत नाही, म्हणून फिल्टर म्हणून त्याचा उपयोग जेमतेम.

कोरड्या दगडात सुरुवातीला काहीच जिवंत नसतं. ओळखीच्या कुणाच्या निरोगी, जुन्या मरीन टँकमधला एखादा दगड किंवा संपमधला स्पंज मिळाला तर तेच तुमचं विरजण. गोड्या पाण्याच्या फिल्टरमधला स्पंज मात्र इथे कामाचा नाही. मिठाचा एवढा फरक त्यातल्या वस्तीला झेपत नाही. बाटलीतले जिवाणू घ्यायचे तर मरीनसाठीचे, ताज्या तारखेचे, आणि उन्हात तापत पडलेल्या शेल्फवरचे नकोत.

लाइव्ह रॉक नाही म्हणजे सुरुवातीला डिनायट्रिफिकेशनही, म्हणजे नायट्रेटचा वायू होणंही, नाही. कोरड्या दगडाच्या आत ती वस्ती जमायला महिने लागतात. तोवर नायट्रेटसाठी दुसरी सोय हवी. मला सगळ्यात आवडते ती चीटोची. चीटो म्हणजे किटोमॉर्फा, हिरव्या नायलॉनच्या गुंत्यासारखी दिसणारी समुद्री शैवाल. संपच्या एका कप्प्यात ती ठेवायची आणि टँकचे दिवे बंद झाले की तिच्यावरचा दिवा लावायचा. ती नायट्रेट आणि फॉस्फेट खाऊन वाढते. महिन्यातून दोनदा मूठ-दोन मुठी उपटून फेकली की तेवढा नायट्रोजन घराबाहेर. रात्री तिचं प्रकाशसंश्लेषण चालू राहिल्याने पीएचही पहाटे फारसा पडत नाही. व्होडका किंवा व्हिनेगर थेंबाथेंबाने घालून जिवाणू वाढवायचे आणि ते स्किमरने काढायचे, हीही पद्धत चालते, पण ती चांगला स्किमर आणि धीर असलेल्यांची. डोस चुकला की जिवाणू एकदम फुलतात, पाणी दुधाळ होतं आणि रात्रीत ऑक्सिजन खाली जातो.

वीज गेली तर

फिल्टरच्या परदेशी तुलनांत ही बाजू फारशी येत नाही, आणि आपल्याकडे मात्र निर्णय इथेच फिरावा. पंप बंद पडला की बंद कॅनिस्टरमधले जिवाणू आतल्या थोड्याशा पाण्यातला ऑक्सिजन संपवून टाकतात आणि मग मरू लागतात. दोन-तीन तासांनी वीज आली आणि पंप आपोआप सुरू झाला, तर ते सडकं पाणी सरळ माशांवर जातं. एवढा वेळ बंद राहिलेला कॅनिस्टर आधी उघडायचा, आतलं पाणी ओतून द्यायचं, मीडिया टँकच्याच पाण्यात खळबळून मग लावायचा. ट्रिकलचे बायो बॉल हवेत ओले असतात, त्यांना काही तास काही होत नाही. टँकमधले दगड तर पाण्यातच असतात. बॅटरीवरचा एअर पंप आणि एक एअरस्टोन चालू असला की मासे आणि जिवाणू दोन्ही तग धरतात. ज्यांच्याकडे आठवड्याला लोडशेडिंग ठरलेलं आहे त्यांनी कॅनिस्टरवर भिस्त ठेवू नये, हे मी ठामपणे म्हणेन. इन्व्हर्टर असेल तर पूर्ण टँक त्यावर टाकण्यापेक्षा एक लहान डीसी पॉवरहेड (टँकमधलं पाणी ढवळणारा छोटा पंप) टाका, रात्रभर चालतो.

संप असणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. पंप बंद झाला की वरच्या टँकमधलं आणि पाइपातलं पाणी खाली उतरतं. संप काठोकाठ भरलेला असेल तर ते जमिनीवर येतं, आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातही. पहिल्याच दिवशी मुद्दाम प्लग काढून पाणी कुठवर चढतं ते बघा आणि संपच्या काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा.

मासे आणण्याआधी

टँक सायकल करायला, म्हणजे त्यात जिवाणूंची वस्ती जमवायला, बिचाऱ्या डॅमसेल माशाला बळी द्यायची जुनी पद्धत होती. गरज नाही. अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाले वापरायचे तो नवसागर, पाण्यात टाकून जिवाणूंना खाद्य देता येतं. बाजारातला नवसागर मात्र नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. 200 लिटरला सव्वा ग्रॅम टाकला की अमोनिया साधारण 2 पीपीएम होतो. मग थांबायचं. इतर जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होत असतील, पण हे दुप्पट व्हायला बऱ्याचदा एखादा दिवस घेतात, म्हणून चार ते सहा आठवडे लागतात. घातलेला 2 पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य होऊन नायट्राइटही शून्य आलं की बायोफिल्टर तयार. नायट्राइट असताना नायट्रेटचं किट खोटा, फुगलेला आकडा दाखवतं, तोवर नायट्रेट मोजायच्या फंदात पडू नका. शेवटी मोठं पाणी बदलायचं आणि मग एक-दोन मासे आणायचे. क्लाउनफिशने सुरुवात केलीत तर पैदास केलेलीच मागा; नवी मुंबईत ऐरोलीच्या केंद्रात कांदळवन प्रतिष्ठान आणि एनबीएफजीआर (माशांच्या जनुकीय संपदेवर काम करणारी केंद्र सरकारची संस्था) त्यांची पैदास करतात, त्यामुळे समुद्रातून पकडलेली घ्यायचं कारण उरलेलं नाही.

सायकल झाल्यावरही मासे एकदम वाढवायचे नाहीत. वस्ती खाद्याच्या मापाने वाढते. दोन माशांच्या अमोनियावर पोसलेली वस्ती आठ माशांचा भार दुसऱ्या दिवशी उचलत नाही. आणि नायट्रिफिकेशन, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होणं, पाण्यातली अल्कलिनिटी (आम्ल झेलायची ताकद) खातं, दर ग्रॅम नायट्रोजनामागे सात ग्रॅमहून थोडी जास्त, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने. म्हणून भारी खाद्याच्या टँकमध्ये पीएच हळूहळू खाली सरकताना दिसला तर फिल्टरला दोष देण्याआधी अल्कलिनिटी मोजा.

एक स्वस्त सवय लावून घ्या: संपमध्ये एक जादा स्पंज फिल्टर कायम पडू द्या. मरीन माशांना पांढरे ठिपके येतात त्यावर तांब्याचं औषध चालतं, पण ते मुख्य टँकमध्ये घालता येत नाही. दगड आणि प्रवाळी वाळू तांबं शोषून घेतात, आणि कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ सगळे मरतात. अशा वेळी साध्या काचेच्या टाकीत तो मुरलेला स्पंज लावला की दवाखान्याचा टँक तासाभरात तयार होतो. उपचार संपले की तो स्पंज संपमध्ये परत टाकायचा नाही, फेकून द्यायचा आणि नवा मुरत ठेवायचा.